डोंगरगावच्या घुगऱ्या

गहू ओंबीत भरू लागला की माझं चित्त ठिकाणावर राहत नाही. माघ सरता सरता रिठदच्या शिवारात सकाळी एक वास सुटतो, ओल्या काळ्या मातीचा आणि कोवळ्या दाण्यातल्या दुधाचा. लोक बांधावर उभे राहून तो छाती भरून घेतात आणि यंदाचं पीक कसं आहे ते बोलत राहतात. मला त्या वासाबरोबर थंडी आठवते. हाडात शिरलेली, आणि घरी येऊन तीन वर्षं झाली तरी पुरती न निघालेली. मग एक डोंगर आठवतो, जिथं काळी माती औषधालासुद्धा नव्हती, आणि त्याच्या खांद्यावर बसलेलं चाळीस-पन्नास दगडी घरांचं एक गाव.

यंदा हे सगळं जास्तच आठवतं आहे, कारण घरात पाळणा बांधला आहे. आज मुलीचा दहावा दिवस. परवा बारसं. आईनं काल मी शाळेत शिकवून यायच्या आधीच चार शेर गहू पाखडून, निवडून, सुपात भरून ठेवला होता. बारशाला गव्हाच्या घुगऱ्या शिजवायच्या, गूळ-खोबरं घालायचं आणि आलेल्या प्रत्येकीच्या ओटीत मूठ-मूठ टाकायची, हे आमच्याकडे ठरलेलंच. वडीलधारी माणसं आपलं मोठेपण सांगताना ‘तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी’ असं म्हणतात ते काही उगाच नाही. पण बाळंतिणीच्या खोलीतून कावेरीनं, माझ्या बायकोनं, एवढंच सांगून पाठवलं की बाकी काय हवं ते करा, गहू मात्र भिजत घालू नका. आई दुखावली. घुगऱ्यांशिवाय बारसं म्हणजे लोक काय म्हणतील, असं बराच वेळ स्वतःशीच पुटपुटली आणि मग सूप माझ्यासमोर ठेवून गेली. तुझी बायको आहे, तूच समजाव, असा त्याचा अर्थ.

कावेरी का नको म्हणते ते आईला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. या घरात आधी एकदा गहू भिजत घातला होता. पण त्याच हिवाळ्यात दूरच्या एका डोंगरात दुसरा गहू शिजला, त्याचं काय झालं ते या घरात फक्त मला ठाऊक आहे, आणि ते मी कावेरीला कधी सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडायचं आणि दुसरंच काहीतरी बोलून मिटायचं, असं माझं तीन वर्षं चाललं आहे.

युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात आमची पलटण ग्रीस देशात उतरली. मी दवाखान्याचा शिपाई होतो, जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, कुनैन देणं एवढंच माझं काम. एका नदीवरचा मोडलेला पूल बांधायला बारा-पंधरा माणसांची टोळी डोंगरात पाठवली, तिच्याबरोबर मलाही पाठवलं. ट्रक चालवायला कारंज्याचा करीम होता. त्याचं घराणं पिंजाऱ्यांचं, कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारं. इतक्या दूर आपल्या मुलखाचा माणूस भेटला म्हणून आम्ही दोघं एकमेकांना धरूनच असायचो. पहिल्या सकाळी दार उघडलं तर सगळं गाव बर्फाखाली. करीम बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला की बापाला इथं आणायला पाहिजे होतं, जन्मभर पिंजलेला सगळा कापूस त्याला एका जागी दिसला असता. त्या हिवाळ्यात आम्ही हसलो ते तेवढंच.

त्या गावाचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही. मधोमध एक प्रचंड जुनं झाड, त्याच्या बुडाशी दोन तोंडांचा झरा, झऱ्यासमोर देऊळ. त्यांच्या येशूचं, पण आतला धूप आणि तेलाचा दिवा पाहून मला परकं वाटलं नाही. देवळाची घंटा कुणीतरी काढून नेली होती. निम्म्या घरांना छप्पर नव्हतं. आदल्या हिवाळ्यात जर्मनांनी गावाला आग लावली आणि त्या मोठ्या झाडाखाली पुरुषांना उभं करून गोळ्या घातल्या, असं कळलं. झाडाच्या बुंध्यावर छातीच्या उंचीला गोळ्यांचे खड्डे होते. बाया पाणी भरताना तिकडं पाहत नसत.

खाली दरीत अक्रोड आणि चेस्टनट नावाच्या एका झाडाचं रान, वर नुसता खडक, आणि मधे हातभर रुंदीचे, दगडांनी बांधून काढलेले वाफे. पावसानं वाहून गेलेली माती बाया दरीतून टोपल्यांनी वर आणत आणि पुन्हा त्या वाफ्यांत पसरत. मातीसाठी असं मरणारी माणसं मी आधी पाहिली नव्हती. आमच्या रिठदला पावसाळ्यात चिखलात बैल रुतला की आम्ही त्याच मातीला शिव्या देतो. मी तिथं त्या बायांपुढं मनातल्या मनात खाली मान घालायचो.

माझा मुक्काम किरा सोफियाच्या घरात होता. किरा म्हणजे त्यांच्याकडे बाई. पन्नाशीची असेल, डोक्यापासून पायांपर्यंत काळ्या कपड्यांत. खाली दोन शेळ्या, वर एक खोली, खोलीत चूल. तिनं मला चुलीजवळची जागा दिली आणि स्वतः खिडकीशी झोपली. मी तिला दवाखान्यातले दुधाचे डबे द्यायचो, ती मला अक्रोड द्यायची. बोलायला भाषा नव्हती. करीम मात्र बाजारात वाढलेला, तो आठ दिवसांत त्यांचे शब्द उचलायला लागला आणि महिन्याभरात म्हाताऱ्यांशी वाद घालण्याइतका तयार झाला. मला अजून पाणी, भाकरी आणि धन्यवाद यांपलीकडं काही येत नव्हतं. त्याचीच पुढं मला शिक्षा झाली.

जानेवारी सरत आला होता. घरून कार्ड आलं. बाबांचं गोल-गोल अक्षर, कोपऱ्यावर कुंकवाचं बोट. मुलगा झाला होता. बाळ-बाळंतीण सुखरूप, बारशाची तयारी चालली आहे, नाव तुझ्या आईनं मनात ठरवलं आहे पण सांगत नाही, असा सगळा मजकूर. मी ते कार्ड दहादा वाचलं. करीमनं त्याच्या वाट्याची सिगारेट मला दिली. कावेरीला आई नव्हती म्हणून बाळंतपण आमच्याच घरी झालं होतं, त्यामुळं मला सगळं डोळ्यांपुढं दिसत होतं, कोणत्या खोलीत बाज टाकली असेल, पाळणा कोणत्या तुळईला बांधला असेल, कोण कोण आलं असेल.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी पट्ट्या धुऊन वर आलो तर किरा सोफिया दारात उभी. हातात तांब्याचं ताट, ताटात शिजवलेला गहू. वर अक्रोडाचा चुरा, चार मनुका, डाळिंबाचे दाणे. तिनं मूठ भरली आणि माझ्या ओंजळीत टाकली.

गव्हाच्या घुगऱ्या. मला दुसरं काही सुचलंच नाही. सुचणार तरी कसं? रिठदच्या कुठल्याही माणसाला विचारा, ओंजळीत शिजलेला गहू पडला की तो काय समजेल. मला वाटलं करीमनं हिला सांगितलं, आणि या परक्या बाईनं, जिच्या घरात पीठसुद्धा मोजून निघतं, तिनं माझ्या मुलाच्या घुगऱ्या केल्या. माझे डोळे भरून आले. मी हसत होतो, खात होतो, दोन्ही हातांचा पाळणा करून तिला हलवून दाखवत होतो. तिच्यापुढं पुन्हा ओंजळ धरली आणि मागून घेतलं. रुमालात थोडा गहू बांधला, पुलावरच्या माणसांना द्यायला. शेजारणी दारात उभ्या होत्या, त्यांनाही पाळणा करून दाखवला. कुणी हसलं नाही. किरा सोफिया माझ्या हातांकडं बघत राहिली, मग तिनं ताट खाली ठेवलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला तो आशीर्वाद वाटला.

रुमाल घेऊन मी पुलावर गेलो आणि करीमच्या हातावर मूठभर गहू ठेवला. त्यानं तो खाल्ला नाही. त्यानं मला बाजूला नेलं आणि विचारलं, हे कुठून आणलं. मी सांगितलं.

“भाऊ, हे मेलेल्या मानसाच्या नावानं वाटतात,” तो म्हणाला. “तिच्या पोराले आज वरीस झालं. कोस्ता नाव होतं त्याचं. त्या झाडाखाली जे मारले, त्यातला तो.”

करीमनं पुढं सांगितलं की घास हातात घेतला की देव त्याला क्षमा करो असं म्हणायचं असतं, बस्स, एवढंच. आणि मी काय केलं होतं? तिच्या एकुलत्या एका मुलाच्या वर्षश्राद्धाला दारात नाचलो होतो. त्या संध्याकाळी मी करीमला बरोबर नेऊन तिची माफी मागितली. तो तिला सगळं समजावून सांगत होता, आमच्याकडे असा गहू मूल जन्मल्यावर वाटतात म्हणून. ती चुलीपुढं बसून ऐकत होती. तिनं एकच गोष्ट विचारली, मुलाचं नाव काय ठेवलं. मी म्हटलं, अजून मला कळलं नाही, पुढच्या कार्डात येईल.

पुढचं कार्ड फेब्रुवारीच्या मध्याला आलं. आमच्याकडे वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडतात, म्हणजे वाचणाऱ्याला हातात घेताच कळतं. त्याला धीर गोळा करायला क्षणभर मिळतो. या कार्डाचे चारही कोपरे शाबूत होते. मी निवांतपणे, बिडी पेटवून, नाव शोधत वाचायला लागलो. नाव नव्हतंच. बाराव्या दिवशी पहाटे मूल गेलं होतं. ताप नाही, काही नाही, दूध प्यायलं आणि गेलं. आदल्या संध्याकाळी बारशाच्या घुगऱ्यांसाठी गहू भिजत घातला होता, तो सकाळी गाईला घातला. बाबांनी ते का लिहिलं कुणास ठाऊक, पण लिहिलं होतं. खालची तारीख पाहिली. ज्या दिवशी मी तिथं ओंजळ धरून घुगऱ्या मागत होतो, त्या दिवसापर्यंत माझ्या मुलाला जाऊन महिना होत आला होता.

बाबांनी कोपरा का फाडला नाही ते मला नंतर समजलं. नाव न ठेवलेलं मूल आमच्याकडे माणसांत धरत नाहीत. त्याचा दहावा नाही, तेरावा नाही, पितरपाखात पान नाही. ओढ्याकाठी पुरायचं, वर दगड ठेवायचा आणि बाईला सांगायचं की रडू नको, दुसरं होईल. बाबा वाईट नव्हते. त्यांनी रीत पाळली. पण त्या रीतीचा मला त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा पुढं कशाचाच आला नाही.

मी किरा सोफियाला काही सांगितलं नाही. तिला सांगावं लागलं नाही. मी खोलीत आलो, कार्ड चुलीपाशी ठेवलं आणि हातांचा पाळणा केला. मग तो सोडून दिला. ती उठली, तिनं तिची काळी शाल माझ्या पाठीवर टाकली आणि शेळ्यांचं दूध काढायला खाली गेली. बराच वेळ ती वर आली नाही.

त्यांच्याकडे मोठा उपास सुरू व्हायच्या आधी एक शनिवार येतो, सगळ्या मेलेल्यांचा. घराघरातून गव्हाची ताटं देवळात जातात आणि प्रत्येक घर आपल्या माणसांच्या नावांचा कागद पुजाऱ्याला देतं. पुजारी ती नावं एकामागून एक मोठ्यानं वाचतो. आपल्या सर्वपित्रीसारखंच म्हणा, फक्त तिथं एकही माणूस गाळत नाहीत. शुक्रवारी किरा सोफियानं गहू शिजत टाकला. त्या वर्षी त्या गावात साखर नव्हती. मी दवाखान्यातल्या माझ्या वाटणीची सगळी साखर तिला नेऊन दिली. तिनं करीमला बोलावून घेतलं, समोर कागद-पेन्सिल ठेवली आणि माझ्या मुलाचं नाव विचारलं.

करीमनं तिला सांगितलं, नाव नाही. मग दोघं बराच वेळ बोलत राहिले. त्यानं मला सांगितलं की पुजारी त्यांच्याच धर्मातली नावं वाचतो, आपलं नाव असतं तरी त्यानं वाचलं नसतं. आणि ज्याला नाव नाही त्याला तो कुठल्या तोंडानं बोलावणार? म्हणून ही म्हणते आहे की तिच्या पोराचं नाव घे. विरजणाला शेजारून वाटीभर दही आणतो ना आपण, तशी ती हात पुढं करून म्हणत होती, कोस्ता घे. आणि तिनं ते नाव कागदावर दोनदा लिहिलं.

शनिवारी देवळाच्या पायरीवर मी आणि करीम उभे होतो. आत गेलो नाही. आत बायांची गर्दी, ताटात रोवलेल्या मेणबत्त्या, धूर. पुजारी वाचत होता. मला कळत काहीच नव्हतं, नुसती नावं येत होती आणि जात होती. मग कोस्ता आलं. पुजारी थांबला. त्यानं कागद दिव्याजवळ नेला, मान वर करून किरा सोफियाकडे पाहिलं. गावातली माणसं त्याला तोंडपाठ होती, त्या घरात कोस्ता एकच होता हे त्याला माहीत होतं. ती खाली मान घालून उभी होती. त्यानं माझ्याकडे, दाराकडे पाहिलं. आणि मग पुन्हा वाचलं. कोस्ता.

एप्रिलमध्ये पूल झाला आणि आम्ही उतरलो. तिला मी नंतर दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. वर्तमानपत्रात वाचतो की त्या डोंगरांत आता त्यांचीच माणसं एकमेकांना मारताहेत, गावं पुन्हा जळताहेत. कोणती गावं, ते छापत नाहीत. करीम कारंज्याला रजया भरतो. बाजाराला गेलो की त्याच्या दुकानात बसतो, चहा पितो. बाकी सगळं बोलतो आम्ही, हे बोलत नाही.

घरी आलो तेव्हा कावेरीनं दार उघडलं. तिनं मला पाणी दिलं, पाय धुवायला दिलं, मुलाचं नाव काढलं नाही. काढणार काय, नाव नव्हतंच. ती रडलीही नाही. तिला रडू नको म्हणून सांगितलेलं होतं आणि ती ते अजून पाळत होती. मला वाटायचं सांगावं. मग वाटायचं, हिला काय वाटेल? हिच्या पोटचं पोर, त्याला परमुलखातल्या एका मेलेल्या तरुणाचं नाव, तेही दुसऱ्या देवाच्या दारात, आणि बापानं ते पायरीवर उभं राहून देऊ दिलं. आम्ही दोघंही एकमेकांचं दुःख जपत बसलो आणि त्याच्यापायी तीन वर्षं एका घरात पाहुण्यासारखे राहिलो.

आज दुपारी मी ते सूप उचललं आणि बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन बसलो. शेगडीवर ओव्याची धुरी होती. मुलगी झोपली होती. कावेरीनं सूप पाहिलं आणि तोंड भिंतीकडं केलं. मी भिंतीकडं केलेल्या त्या तोंडालाच सांगत गेलो. झाड सांगितलं, ताट सांगितलं, माझी ओंजळ सांगितली. साखर माझी होती हेही सांगितलं, कशासाठी ते मला माहीत नाही. पुजारी थांबला तिथं मीही थांबलो. मग सांगितलं की दोनदा वाचलं.

तिनं पांघरूण वर ओढलं. आता हिचं माझं कायमचं मोडलं, असं मला वाटलं.

“मले वाटे, त्याच्यासाठी कोनंच काही केलं नाही,” ती म्हणाली. तोंड अजून भिंतीकडंच होतं. “त्या बाईनं गहू शिजवला?”

“हो.”

“आन् तुमी खाल्ला?”

“खाल्ला. दोन्ही वेळा.”

“तीन वर्सं मले सांगतलं काहून नाही?”

मी सुपातला गहू चिवडत राहिलो. तेव्हा ती रडली. मोठ्यानं, तोंडात पदर न कोंबता, आईला ऐकू जाईल इतकं. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थांबली, तिनं तिला गप्प केलं नाही. मुलगी जागी झाली, तीही रडायला लागली. कावेरीनं तिला पदराखाली घेतलं, आणि डोळे पुसून मला नाव पुन्हा विचारलं. मी सांगितलं. तिनं ते एकदा म्हणून पाहिलं, आमच्या बोलीत कडक करून. मग आईकडं पाहून म्हणाली, “गहू उद्या भिजत घाला. दोन मुठी जास्त घाला.”

इथवर लिहून ठेवलं होतं, आता बारसं झालं आहे, तेही लिहितो. आमच्याकडे पाळण्यात मूल घालायच्या आधी वरवंट्याला कुंची घालतात, बाळासारखं गुंडाळतात, आणि बाया पाळण्याखालून, वरून तो एकमेकींच्या हाती देतात. मुलीचं भावंडच समजा. पोरी खिदळत असतात, त्या दगडालाही कुणी पावडर लावतं, कुणी तीट लावतं. तो फिरत फिरत कावेरीकडं आला. तिनं पुढं द्यायचा होता. तिनं तो छातीशी धरला, कुंची जराशी मागं सारली आणि जिथं कान असायचा तिथं तोंड नेलं. बायांना वाटलं बाळंतीण गंमत करते आहे, त्या हसल्या. मी दारात, घुगऱ्यांचं ताट घेऊन उभा होतो. तिचे ओठ हलले तेवढे मला दिसले. मग तिनं त्या दगडाच्या कानात कुर्र केलं, आणि माझ्यापुढं ओंजळ धरली.